गंजीमागं मी होते

आत्याबाई, मी बोलतेय आणि तुमची पणती लिहितेय. कराडला कॉलेजात आहे ती. सुट्टीला चार दिवस आली, तर मी तिला कामाला लावलंय. तुम्हाला हसू येईल. सासू-सुना आपण दोघी अंगठेवाल्या. तुमच्या लेकाचं पलटणीतून पत्र यायचं तेव्हा पोस्टमनला सोप्यात बसवून आपण गूळपाणी द्यायचो, आणि तो वाचेल ते खरं मानायचो. सगळं वाचून झालं की तुम्ही विचारायचात, "आन माझं नाव न्हाई व्हय रं घातलं त्येनं?" मग तो बिचारा नसलेलं नाव घालून शेवटची ओळ पुन्हा वाचायचा. मला ते कळायचं. तुम्हालाही कळायचं, पण तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा करून गप बसायचात. आता तुम्ही जिथं आहात तिथंही कुणी वाचणारा शोधावा लागेल. तो आपल्या गावचा नसावा एवढं मात्र बघा. यात जे आहे ते गावाला कळता कामा नये.

तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली. तुमचा लेक फौजेतून पेन्शनीत आला, दहा वर्षं ओट्यावर बसून मला हुकूम सोडले आणि तोही गेला. पोरं पुण्यात. सुनेचा रोज फोन येतो, जेवलात का म्हणून विचारते. मी जेवले म्हणते, ती बरं म्हणते, संपलं. शेजारी तुमचा धाकटा आहे, एका डोळ्याचा. रोज दिवस मावळायला दुधाचा तांब्या घेऊन यायचा आणि उंबऱ्यावर बसायचा. बोलायचा काही नाही, पण बसायचा. आता तोही येत नाही. का येत नाही तेच सांगायचंय, पण मला वळसा घातल्याशिवाय सांगता येत नाही. आठवतं का, मीठ मागायला पाठवलं तर ही आधी पाऊसपाणी बोलते, असं तुम्हीच म्हणायचात.

तर आधी नवल ऐका. आता भांडणं मिटवायला फंड मिळतो. खोटं नाही सांगत. शहरात एक संस्था आहे, तिला आणखी लांबून, समुद्रापलीकडून पैसा येतो, आणि तो एकाच कामाचा: जिथं माणसांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलंय तिथं त्यांना एका जागी बसवायचं. रस्ता नाही, शाळा नाही, नुसतं बसवायचं. तुमच्या वेळी असा फंड असता तर तुम्ही अर्ध्या गल्लीत भांडणं लावून ठेवली असती आणि मिटवायच्या अर्जावर पहिला अंगठा उमटवला असता. आमचं गाव त्या संस्थेच्या यादीत गेलं ते मेंढक्यांच्या वैरामुळं. तुमच्या वेळी ते आपल्या गावापुरतं होतं, पुढं आष्ट्याच्या बाजूच्या सगळ्या गावांत पसरलं. वडूजकडची मेंढरं दिवाळीनंतर खाली उतरली की कुठं ना कुठं काठ्या निघायच्या. एका साली कुणाचा ऊस पेटला, एका साली ओढ्याकाठी मेंढरं विषानं पडली. सुरू कुठून झालं ते नव्या पोरांना माहीतच नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक की मेंढक्यांनी आपली गंजी जाळली होती आणि आपला डोळा फोडला होता. आणि तिकडच्या पोरांना ठाऊक की यांनी आपला म्हातारा मारला.

पहिली बैठक झाली आषाढात, पंचायतीच्या हॉलात. मागं मोठा फ्लेक्स, त्यावर दोन हात हातात घातलेले. खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. एका बाजूला आम्ही गावकरी, दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. आषाढात मेंढके आपल्या मुलखात असतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण फंडाचा हप्ता उन्हाळ्यात आलेला आणि बैठक झाल्याचे फोटो पावसाळ्यात पाठवायचे, म्हणून बैठक. शहरातनं आलेल्या पाहुण्यांनी त्या रिकाम्या खुर्च्यांकडं हात करून सलोख्यावर तासभर भाषण केलं. शेवटी माईक माझ्यापुढं आणला, ज्येष्ठ महिला म्हणून. मी म्हटलं, "ह्या समोरच्यांशी आमचं कायबी वैर न्हाई. लय गुणाच्या खुर्च्या हायत." सगळा हॉल हसला. पाहुणा हसला नाही. पण संस्थेची पोरगी, तिशीच्या आतली, स्कुटीवरनं यायची, ती तोंडावर वही धरून हसत होती. ती मला तिथंच आवडली.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन बसली, मांडीवर कागद. म्हणाली, "आज्जी, मेंढपाळांवर तुमचा विश्वास किती? एक ते पाचमध्ये सांगा."

"माझा सुनंवर तिनाच्या वर न्हाई. त्यात तू ह्येंचं इचारतीस."

"तीन लिहू?"

"लिव. सुनंचं न्हवं पर."

मग चहा झाला, आणि मी तिला सांगितलं की बाई, तुझा पैसा मेंढरांच्या पायांनी चालव. दिवाळीपर्यंत थांब. मेंढरं उतरतात त्या वाटेवर पाण्याचे हौद बांध, म्हणजे ती पाण्यासाठी कुणाच्या पाटात शिरणार नाहीत. आणि बसवायचंच असेल तर बायकांना बसव. बाप्ये बसले की आधी कुणी बोलायचं यावरच सकाळ जाते. ती म्हणाली, हौद म्हणजे बांधकाम, आमचा फंड संवादाचा आहे, त्यात बांधकाम बसत नाही. मी विचारलं, "तहानल्यालं मानूस संवाद करतंय व्हय?" तिनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढं सहा महिने वरच्या लोकांना पत्रं लिहीत राहिली आणि शेवटी मंजुरी आणली. हौदाच्या कडेला दोन दगडी बाक बांधायचे आणि कागदावर त्या सगळ्याला बैठकीची जागा म्हणायचं. आत्याबाई, तुम्हाला ही पोरगी सून म्हणून चालली असती. माझ्यापेक्षा बरी चालली असती.

आता मुद्द्यावर येते. पणतीला म्हटलं, पुढचं नीट लिही, खाडाखोड करू नकोस.

माझं माहेर वडूजच्या पलीकडचं, हे तुम्ही मला दिवसातून दोनदा ऐकवायचात. कोरडा मुलूख, म्हणून पोरगी भांडी घासताना पाणी जपते, असं. मी या घरात आले त्याच साली मेंढक्यांच्या घरातही माझ्याच वयाची एक सून आली. दिवाळीनंतर त्यांचा कळप आपल्या मोकळ्या रानात दोन-तीन दिवस बसायचा. रानाला खत मिळायचं आणि त्यांना आपण पायलीनं जोंधळे द्यायचो. ती धान्य न्यायला यायची आणि पदराच्या टोकात माझं माहेर बांधून आणायची. कधी आईनं दिलेले हुलगे, कधी नुसता निरोप. "तुझ्या आयची म्हस याली. रेडी झाली, तुझ्यावानी चपट्या नाकाची." आम्ही दोघी परड्यात बसून हसायचो, आणि तुम्ही आतून ओरडायचात की कामं काय मेंढरं करणार आहेत का. पण तिला रिकाम्या हातानं तुम्ही कधी पाठवलं नाही, हेही लिहायला सांगते.

त्या दिवशी दुपार आहे. मामंजी मळ्यात गेलेत. तुम्ही कडब्याच्या गंजीमागं बसलाय, तीन दगडांवर तवा, खाली गोवरीचे निखारे, तव्यात तंबाखू. मामंजींना मिसरीचा वाससुद्धा खपत नाही, म्हणून तुमचं हे गंजीमागचं दुकान, आणि मी परड्याच्या दाराशी राखणीला. मळ्याकडनं मामंजींचा खोकला ऐकू येतो. मी "आत्याबाई!" म्हणून हाक मारते. तुम्ही तवा पदराखाली घेऊन आत पळता, बोटं भाजून घेता. निखारे तिथंच राहतात. वारा सुटलेला. पुढं सांगायला नको. वर्षाची वैरण बघता बघता लाल झाली. गाव पाण्याच्या घागरी घेऊन धावलं. मामंजी ओरडत होते, कुणी लावली, कुणी लावली. आणि कुणी काही बोलायच्या आत तुम्ही हात लांब केलात, मेंढक्यांच्या तळाकडं. "त्येंच्या चुलीची ठिणगी आली."

तळ दोन रानं पलीकडं होता, आणि वारा इकडून तिकडं वाहत होता. पण कुणी वारा बघितला नाही. माणसं काठ्या घेऊन पळाली. तिचा सासरा त्यात सापडला. तो होळीपर्यंत अंथरुणावर होता, मग गेला. त्यांच्या बाजूनं गोफणीचे दगड सुटले आणि त्यातला एक तुमच्या धाकट्याला लागला. चौदा वर्षांचा होता. तो डोळा धरून परड्यात बसला होता आणि तुम्ही आत मला म्हणत होतात, "तवा घास." मी राखेनं घासला. तुम्ही म्हणालात, "शबुद काढलास, तर वडूजची वाट इसर." मी शब्द काढला नाही, आणि वाट तरीही विसरावी लागली, कारण मेंढके पुन्हा आपल्या रानात आले नाहीत. माझी आई गेली ते मला तेराव्यानंतर कळलं. मेंढके येत असते तर तिसऱ्या दिवशी कळलं असतं. हे मी तुम्हाला तुम्ही असताना बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

पणतीचं पेन थांबलंय. ती माझ्याकडं बघतेय. लिही बाई.

तुम्हाला काहीच वाटलं नाही असं मी म्हणत नाही. त्या दिवसापासून तुम्ही मिसरी सोडली. दाढ ठणकायची, गाल सुजायचा, पण नाही लावली. लोक म्हणाले, म्हातारी देवाला लागली. मला ठाऊक होतं. आईचं कळलं त्या आठवड्यात तुम्ही लेकाला रजा काढायला लावून मला एस.टी.नं माहेरी पाठवलंत, आणि पिशवीत नवं लुगडं घातलंत, भावजयीला म्हणून. काही बोलला नाहीत. मीही नाही. आपण दोघींनी एकाच घरात पुढं पंधरा-सोळा वर्षं असं न बोलून काढली, आणि एकमेकींच्या हातचं खाल्लं.

फंडाच्या शेवटच्या वर्षी त्या पोरीनं आम्हा बायकांना जीपमध्ये घातलं आणि वडूजकडं नेलं. मेंढक्यांच्या गावच्या शाळेत बसलो, सतरंजीवर, गोल. आता त्यांच्याही शेताला थोडंफार पाणी आलंय, निम्म्या घरांत मेंढरं उरलेली नाहीत, पण बायका तशाच ताठ. आणि त्यांत ती होती, माझ्या आईचे निरोप आणणारी. दात गेलेले, पाठ वाकलेली. मला बघून म्हणाली, "म्हातारी झालीस की गं."

"तू काय न्हानी ऱ्हायलीस व्हय?"

"नाक मातुर तसंच हाय तुजं."

असं म्हणून ती माझ्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून. आत्याबाई, कितीतरी वर्षांनी माझ्या गुडघ्याला कुणाचा तरी गुडघा लागला होता.

त्या पोरीचा नियम एकच होता. ऐकलेलं सांगायचं नाही, स्वतः बघितलेलं तेवढंच सांगायचं. ऐकलेलं काढलं की कुणाकडंच फारसं काही उरत नाही, हे मला तिथं कळलं. आमच्यातल्या निम्म्या बायका गप झाल्या, कारण त्यांची सगळी चीड ऐकलेली होती. ती बोलली. तिनं बघितलं होतं. सासरा भाकरी खात बसला होता, पहिली काठी पडली तेव्हा घास हातात होता, आणि पडल्यावरही तो घास त्यानं सोडला नाही, असं तिनं सांगितलं. रडली नाही. मग पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, "आज्जी, तुम्ही काय बघितलं?"

मी काय बघितलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. "आमच्या आत्याबाई" एवढं म्हणून झालंसुद्धा होतं. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आणि मी म्हटलं, "आमच्या आत्याबाई घरात हुत्या. गंजीमागं मी हुते. मिसरी भाजत हुते. निखारं माज्या हातनं ऱ्हायलं."

 ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन नाव आमचं घेतलंस?"

"व्हय."

"मी तुला तुज्या आयचं निरोप आणत हुते."

"व्हय."

तिनं सतरंजीवर हात टेकला, उठली, दारातल्या चपला पायात घातल्या आणि गेली. 

गावात ही गोष्ट जीपच्या आधी पोचली. बायकांकडं आता फोन आहेत. तुमचा धाकटा दूध घेऊन आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला. "वयनी, माजा डोळा तुमच्यामुळं गेला?" मी हो म्हटलं. तो चांगला जाणता माणूस, नातवंडांचा आजोबा, पण त्याचा चेहरा परड्यात बसला होता त्या दिवसासारखा झाला. तांब्या तसाच घेऊन परत गेला. मी माझ्या मनाची समजूत अशी घातली, की आईमुळं डोळा गेला हे ऐकण्यापेक्षा भावजयीमुळं गेला हे सोसायला हलकं.

आणि काम मात्र झालं, आत्याबाई. त्या दिवाळीनंतर मेंढरं उतरली, तर कुणी काठी काढली नाही. मेंढक्यांनी गंजी जाळली नव्हती हे एकदा कळल्यावर पोरांच्या हातात धरायला काही उरलं नाही. हौदावर दोन्हीकडचे बाप्ये बाकांवर बसून तंबाखू मळतात. चार गावांत लोकांनी रानात कळप बसवले, जोंधळ्याऐवजी आता गहू देतात. तुमच्या धाकट्यानं तर स्वतःच्या रानात कळप बसवला आणि त्यांना पहिल्या दिवशी दूध नेऊन दिलं. लांबचे पाहुणे येऊन फोटो काढून गेले. आमच्या गावाची गोष्ट त्यांनी पुस्तकात छापली म्हणे, तिची एक प्रत मला दिली. मी ती धान्याच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलीय. मग फंड संपला. ती पोरगी आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तिथली भांडणं वेगळी. जाताना पाया पडली आणि म्हणाली, "आज्जी, हे तुमच्यामुळं झालं." मी म्हटलं, "पुन्यांदा ये." ती हो म्हणाली. तिचा फोन येतो कधीमधी, मागं गाड्यांचा आवाज असतो.

औंदा ती मेंढकीणही आली होती, नातवाच्या टेम्पोतून, कळपाबरोबर. धाकट्याच्या बांधावर बसलेली मला माडीवरनं दिसली. त्याची बायको तिला चहा घेऊन गेली. दोन दिवस होती. आपल्या घराकडं तिनं मानसुद्धा वळवली नाही.

पणती म्हणतेय, "आज्जी, आता तरी खरं सांगून टाक सगळ्यांना. पणजीचं नाव वाचवायला तू एकटी का मरतीस?" तिच्या डोळ्यांत पाणी आलंय. तिला वाटतंय, आपली आजी लय मोठ्या मनाची. हे पत्र ती फाईलला लावून ठेवणार म्हणते. कुठं पाठवायचं ते तिलाही माहीत नाही आणि मलाही.

पण आत्याबाई, तुमची अब्रू राखायला मी तसं बोलले नाही. तुमचं नाव घेतलं असतं तर ती मेंढकीण म्हणाली असती, जाऊ दे, मेलेल्या माणसाला काय बोलायचं. माझ्या हातावर हात ठेवला असता, चहा झाला असता, आणि आम्ही जीपमध्ये बसून परत आलो असतो. सगळं एका दुपारीत मिटलं असतं आणि पुन्हा कुणाला माझ्या दारात यायचं कारण राहिलं नसतं. मेलेल्याशी भांडायला कोण येतंय? मला वाटलं, माझ्याशी भांडायला तरी ती येईल. ओट्यावर बसून शिव्या देईल, मी ऐकून घेईन, दुसऱ्या साली उरलेल्या द्यायला पुन्हा येईल.

हे पणतीला सांगायचं नव्हतं. पण लिहिणारी तीच आहे, आता काय करणार.